स्थळ अजून आहे का?

गणपती पेठेत भडंगाच्या दुकानासमोर उभी होते. मुलाकडं पुण्याला पाठवायचं म्हणून दोन किलो बांधायला सांगितलं होतं. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून एक वयस्कर, नेमस्त आवाज आला, "नमस्कार ताई, विट्याहून बोलतोय. ग्रुपवर तुमच्या मुलीचा बायोडेटा बघितला. स्थळ अजून आहे का?"

दुकानदाराला हातानंच थांब म्हटलं आणि बाजूला झाले. त्या गृहस्थांना काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. त्याची मला अजून थोडी लाज वाटते आणि आठवलं की हसूही येतं.

मुलगी माझी नव्हे, भावाची. बायोडेटा मात्र माझा. २०१८ साली तुळशीची लग्नं लागली आणि आपल्याकडं बायोडेट्यांचा हंगाम सुरू झाला, तेव्हा केलेला. भाऊ फोनवर बोलायला बुजतो. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमचाच नंबर घाला. तुम्हाला बोलायला जमतं." जमतं हे खरंच. विश्रामबागेत एका झेरॉक्सवाल्याच्या काउंटरशेजारी स्टुलावर बसून मी एकेक ओळ सांगत गेले आणि तो पोरगा टाइप करत गेला. वर गणपतीचं नाव. सांगलीत दुसऱ्या कुणाच्या नावानं सुरुवात होणार? मग जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मठिकाण, रास, नाडी, गण, देवक, रक्तगट. उंचीत एक इंच मी वाढवला. वर्ण सावळा, तो 'निमगोरा' झाला. वडिलांची नोकरी, शेती किती आणि त्यातली बागायत किती, मामांची गावं, आत्यांची गावं, घराचा पत्ता, तिच्या ऑफिसचं नाव, पगार.

"आवडीनिवडी काय लिहू?" पोरानं विचारलं.

"वाचन, स्वयंपाक, रांगोळी."

भाचीनं आयुष्यात रांगोळी काढली असेल तर ती शाळेत स्पर्धेला बाईंनी दामटून बसवली म्हणून. ती बॅडमिंटन खेळायची. रविवारी पहाटे मैत्रिणींबरोबर दंडोबाच्या डोंगरावर जायची. इन्स्टाग्रामवर तिचं एक बंद खातं होतं. त्यावर तिचं नाव नव्हतं, चेहरा नव्हता, एका मांजराचा फोटो होता आणि आत जेमतेम चाळीस माणसं होती. त्या चाळीसांत मी नव्हते. हे मला फार नंतर कळलं.

साडीतला फोटो स्टुडिओत काढलेला होता: मान जराशी तिरकी, हात एका खोट्या खांबावर. सगळं मिळून एका पानाची पीडीएफ झाली. ती मी तीन ग्रुपवर टाकली. त्याच वर्षी जुलैत व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं ढकलता येईल अशी मर्यादा घातली होती. मला तिची अडचण आली नाही, माझे तीनच होते. पण एका ग्रुपमध्ये तेव्हा २५६ माणसं मावायची आणि लग्नं जुळवणारे ग्रुप कधी रिकामे नसतात. म्हणजे बोटाच्या तीन टेकण्यांत साताठशे घरांच्या उंबऱ्यावर मी पोरीला नेऊन उभी केली. तिला विचारलं होतं का? "बायोडेटा करतेय गं" असं सांगितलं होतं. ती लॅपटॉपवर काहीतरी करत होती. "हं" म्हणाली. त्या 'हं'ला मी संमती धरलं.

पुढच्या ऑगस्टात पूर आला. २०१९ चा पूर सांगलीकराला समजावून सांगावा लागत नाही. आयर्विन पुलाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर होती आणि तिच्या भरवशावर आम्ही सामान तिच्यावर हातभर उंच ठेवलं होतं. कृष्णामाईनं ती खूण खाली टाकली. ओसरल्यावर दार ढकललं तर आत चिखल, कुबट वास आणि कागदाचा लगदा. अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटले होते. सोडवायला गेलं की एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर यायचा. आईच्या लग्नातल्या फोटोत नुसती साडी उरली होती. भाचीची जन्मपत्रिका, शाळेचे दाखले, पाचवीतलं बक्षीस, सगळं गेलं. गच्चीवर दोऱ्या बांधून आठ दिवस कागद वाळवत होतो.

ऑक्टोबरात, अजून भिंतींची ओल गेली नव्हती तेव्हा, इचलकरंजीच्या एका अनोळखी बाईंनी मला एक पीडीएफ पाठवली. वर दुहेरी बाण: पुष्कळदा पुढं पाठवलेलं. खाली त्यांचा मजकूर, "तुमच्या मुलासाठी कसं वाटतं स्थळ?" उघडली तर आमचीच पोरगी, खोट्या खांबावर हात ठेवून. (तसं मामाची मुलगी म्हणजे आपल्याकडं नात्यात बसतं, पण तो विषय वेगळा.) मी कितीतरी वेळ बघत राहिले. गुडघाभर चिखलातून शोधूनही जे काही सापडलं नाही, ते सगळं यात होतं. रास, नाडी, जन्मवेळ मिनिटासकट. घरातले सगळे कागद भिजले, आणि मी सांगितलेला एक इंच कोरडा राहिला.

पुराच्या त्या आठवड्यात फोननं माणसं वाचवली, हेही लिहायला हवं. कुठल्या गल्लीत, कितव्या मजल्यावर कोण अडकलंय, बाळंतीण आहे का, इन्शुलिन लागतं का, असे निरोप नाव-नंबरासकट फिरत होते आणि त्यावरून बोटी जात होत्या. तेव्हा कुणाला खासगीपणा आठवला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण आमच्या गल्लीतल्या एका आजोबांसाठी फिरवलेला निरोप पाणी ओसरून तीन आठवडे झाले तरी हिंडतच होता. आजोबा कट्ट्यावर चहा पीत बसलेले आणि नागपूरहून कुणीतरी त्यांच्या सुनेला फोन करून विचारतंय, "बोट पोचली का?"

भाचीचं लग्न त्याच वर्षाअखेर झालं. दुसऱ्याच एका ओळखीतून, पीडीएफमुळं नव्हे. ठरत असताना एक गोष्ट घडली. मुलाच्या बहिणीनं तिला इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवली. ते मांजर तिनं कसं हुडकलं कोण जाणे, बहुतेक एखाद्या मैत्रिणीच्या फोटोखालच्या शेऱ्यांवरून. नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून पोरीनं रात्र जागून शेकडो फोटो पुसले, तेव्हा कुठं 'हो' केलं. चाळीसाचे एक्केचाळीस झाले. त्यानंतर तिनं तिथं काही टाकलं नाही.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीता स्वयंवर' इथंच, पटवर्धनांच्या आश्रयानं केलं, हे आम्हाला शाळेपासून पाठ. नाटकवाल्यांच्या गावाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागू नये: रंगपटात प्रेक्षक घ्यायचे नसतात. तिथं राजा मिशी काढून घाम पुसत असतो. पोरीला चाळीस माणसांचा रंगपट होता. बायोडेट्यात सून होती, ऑफिसच्या पानावर हुशार कर्मचारी होती, स्टेटसवर दसऱ्याला सोनं वाटणारी भाची होती. यातलं कुठलंच खोटं नव्हतं. मी लिहिलेली रांगोळी सोडून.

संसार टिकला नाही. का, ते तिचं तिच्यापाशी. दोघांनी संमतीनं, आरडाओरडा न करता कागद पुरे केले. ती सांगलीला परत आली. नोकरी होतीच.

आणि २०२३ मध्ये तासगावकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. आवाज तापलेला. त्यांना पीडीएफ मिळाली होती. चौकशी केली, घटस्फोट कळला. "ताई, तुम्ही चांगल्या घरच्या वाटताय. एवढं लपवून स्थळ फिरवायचं म्हणजे फसवणूकच की ही. सरळ 'अविवाहित' लिहिलंय." मी म्हटलं, अहो, ते पाच वर्षांपूर्वीचं आहे. ते म्हणाले, "कशावरून? तारीख कुठाय?"

मी उघडून बघितलं. जन्मतारीख होती, जन्मवेळ होती. कागदाची तारीख नव्हती. तुळशीच्या लग्नानंतरच्या त्या दुपारी मला ती घालायची सुचली नाही, झेरॉक्सवाल्यालाही नाही. त्यामुळं ती पीडीएफ ज्याच्या हातात पडते त्याच्यासाठी आजचीच असते.

हे मी भाचीला सांगितलं. वाटलं होतं चिडेल. ती भांडी घासत होती. पाणी बंद न करता म्हणाली, "मला काय लपवायचंय, आत्ती? पण कुणाला, कधी सांगायचं, ते मी ठरवणार होते ना."

तिच्या एका मैत्रिणीनं वकिली केली आहे. तिच्याकडून मी धडे घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, जगण्याच्या हक्काच्या, म्हणजे कलम २१ च्या पोटातलाच. हा खटला आधारच्या निमित्तानं उभा राहिला. तो लावणारे के. एस. पुट्टस्वामी हे ऐंशी ओलांडलेले निवृत्त न्यायमूर्ती. मग २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा झाला. त्यात दिलेली संमती परत घेता येते, माहिती पुसून टाका असं कंपनीला सांगता येतं. मी खूश झाले. म्हटलं, हेच पाहिजे. मैत्रीण म्हणाली, "मावशी, पण कुणी माणसानं स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर त्याला हा कायदा लागू नाही."

लग्न जमवण्याहून घरगुती काम कुठलं असतं?

व्हॉट्सॲपचंही तसंच. २०१६ पासून तिथला निरोप टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतो, मध्ये कंपनीलासुद्धा वाचता येत नाही. खरं आहे. पण कुलूप वाटेवर आहे. टोकाला आत्या बसलेली आहे. सगळ्यांकडून पुसून टाकायची सोय आहे, तिला तेव्हा तासाभराची मुदत होती, आता दोन दिवसांहून थोडी जास्त. आणि ती पुसली जाते ती फक्त मी पाठवलेली प्रत. इचलकरंजीच्या बाईंच्या फोनमधलं माझ्या हातात नाही.

आमचा गावभागातला वाडा आठवतो. सात बिऱ्हाडं, एक नळ, दोन संडास. भिंतीपलीकडच्या माणसानं कूस बदलली तरी कळायचं. त्या वाड्यात खासगी म्हणून काय होतं असं नव्या पिढीला वाटेल, आणि बघायला गेलं तर काहीच नव्हतं. पण मी नऊ-दहा वर्षांची असताना समोरच्या बिऱ्हाडातली ताई सासरहून ट्रंक घेऊन परत आली. सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुठल्या गाडीनं आली, ट्रंक किती जड होती, रात्री कोण रडलं. आणि दुसऱ्या दिवसापासून सातही बिऱ्हाडं एकच बोलू लागली: ती हवापालटाला आली आहे. सांगलीत मे महिन्यात हवापालट! विचारणारा बाहेरचा असो की वाड्यातलं पोर, उत्तर तेच. दोन वर्षं तिचा हवापालट चालला. त्या दोन वर्षांत ती शिवण शिकली, परीक्षा दिली. नंतर एकदा नळावर तिनं स्वतःच माझ्या आईला सांगितलं. आईनं पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा केला. मी आईकडं बघत राहिले आणि आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

तो चिमटा म्हणजे माझं खासगीपणाचं शिक्षण. दाराला कडी नसताना खासगीपणा हा दुसऱ्यांनी दिलेला असायचा. माहीत असून माहीत नसल्यासारखं वागायचं. आडोशाला धरलेली साडी पातळच असते, पलीकडच्यानं मान वळवली म्हणून तिचा आडोसा होतो.

वाड्याचं कौतुक एवढंच पुरे. त्याच वाड्यात मधल्या बिऱ्हाडातली बाई नवऱ्याचा मार खायची, आणि तेव्हाही सातांपैकी सहा बिऱ्हाडांनी मान वळवलेली असायची. ते मी विसरलेले नाही.

मान वळवणं एवढं मुरलेलं असण्याला या मुलखाचा इतिहासही असेल. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत झाले आणि १९४६ पर्यंत इंग्रज सरकारला सापडले नाहीत. त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस होतं, आणि माहिती गावोगाव होती. तेव्हा हा सगळा सातारा जिल्हा. १९४९ ला आमचा भाग 'दक्षिण सातारा' झाला, १९६० ला 'सांगली'. माझी आजी कुंडलच्या बाजूची. तिच्या माहेरी एक 'पाव्हणा' चार महिने राहून गेला. त्याचं खरं नाव काय, हे आम्ही तिला म्हातारपणी खोदून खोदून विचारलं. ती म्हणायची, "पाव्हणाच की." स्वातंत्र्य येऊन चाळीस वर्षं झालेली, इंग्रज गेलेला, पाव्हणाही गेलेला. तरी नाही सांगितलं. आजीची नात मी. मी तीन ग्रुपवर रक्तगटासकट टाकलं.

नाव न विचारता पाव्हण्याला भाकरी वाढणाऱ्या याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावाजवळ, सप्टेंबर २०२२ मध्ये चार साधूंना लोकांनी काठ्यांनी मारहाण केली. उत्तर प्रदेशातून आलेले, पंढरपूरकडं निघालेले. वाटेत एका मुलाला रस्ता विचारला आणि पोरं पळवणारे म्हणून संशय आला. त्याआधी २०१८ च्या १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांचा जीव गेला होता. मंगळवेढ्याकडचे, डवरी गोसावी समाजातले, पोटासाठी हिंडणारे. तिथंही मुलं पळवणारी टोळी आल्याचे निरोप आधी फोनवर फिरत होते. पाचाच्या मर्यादेचं मी वर लिहिलं, ती अशा खुनांनंतर आली. या लोकांची ओळख त्यांच्या आधी गावात पोचली होती आणि ती दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेली होती. माझी पीडीएफ आणि ते खून एका वाक्यात बसवणं बरं नव्हे, बसवतही नाही. पण रात्री झोप आली नाही की दोन्ही शेजारी येऊन बसतात.

हा लेख लिहू का, असं भाचीला विचारलं. या वेळी नीट, तिनं फोन खाली ठेवेपर्यंत थांबून. ती म्हणाली, "लिही. पण तीन गोष्टी बदल." कुठल्या तीन ते तिनं सांगितलं आणि मी बदलल्या. वर तुम्ही जे वाचलंत त्यात त्या आहेत. कदाचित डोंगर दुसरा असेल, कदाचित मांजर नसेल. माझ्या लिहिणाऱ्या मनाला एका बदलाचं फार वाईट वाटलं, कारण खरी गोष्ट जास्त चांगली होती. तिला तसं म्हटलंही. तर म्हणाली, "म्हणूनच."

आता भडंगाच्या दुकानासमोरचा फोन.

गेल्या काही वर्षांत "स्थळ अजून आहे का" याला मी निरनिराळी उत्तरं दिली आहेत. आधी "लग्न झालं". मग काही दिवस "सध्या बघत नाही". तासगावच्या फोननंतर "ते स्थळ जुनं आहे हो, पुढं पाठवू नका". त्यावर एकदा एका बाईनं तेच वाक्य पीडीएफखाली जोडून पुढं पाठवलं, म्हणजे बायोडेट्याबरोबर आता 'जुनं आहे' हा शेराही फिरू लागला. त्या दिवशी गणपती पेठेत ऊन होतं, मागं रिक्षावाले हॉर्न मारत होते, दुकानदार पुडीला दोरा गुंडाळून माझी वाट बघत होता. मी म्हणून गेले, "नाही हो. ती मुलगी आता नाहीये."

मला म्हणायचं होतं, ती चोवीस वर्षांची, निमगोरी, रांगोळी काढणारी नाहीये. कधी नव्हतीच.

पलीकडं शांतता. मग विट्याचे गृहस्थ अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अरेरे. ताई, माफ करा. माहीत नव्हतं. वय काय हो… देवाची मर्जी." आणि मी दुरुस्त करायच्या आत त्यांनी, माझं दुःख उकरायला नको म्हणून असेल, फोन ठेवून दिला. मी परत लावणार होते. लावला नाही. किती सभ्यपणे त्यांनी मान वळवली होती.

संध्याकाळी भाची आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसले, भडंगाच्या उरलेल्या पुडीत हात घातला आणि म्हणाली, "म्हणजे आता ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजली पडणार. फोटो कुठला लावतील गं? तो खांबाचाच?"